डावीकडचा बाण

जागतिक फुटबॉल स्पर्धेचे पाच सामने शहराला मिळाले आणि नगरपालिकेच्या पाट्यांच्या कार्यशाळेत तिला मान वर करायला फुरसत उरली नाही. पाहुण्यांना मैदानाची वाट सापडावी म्हणून एकशे चाळीस पाट्या करायच्या होत्या. वर चेंडू, खाली बाण. कापून चिकटवून बोटांची सालं निघाली, पण परमुलखातली माणसं आपल्या बाणामागून चालणार याचं तिला मनातून अप्रूप होतं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तर गल्लीत जांभळे गळपट्टे घातलेली वीस-बावीस माणसं. दारात सासूबाई घरातले होते नव्हते तेवढे पेले काढून पाणी देत होत्या.

"आलीस? तासाभरापासून येतायत गं," त्या म्हणाल्या. "काही चुकून पुढे गेले, काही परत फिरले. बोलतात काय ते कळत नाही, पण घसे कोरडे पडलेत एवढं कळतं."

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने चौकाकडे बोट दाखवलं. तिथली पाटी आज सकाळी, ती कामावर गेल्यावर लागली होती. तिने जाऊन वर पाहिलं. मैदान उजवीकडे आणि बाण डावीकडे, थेट तिच्याच गल्लीत. आराखड्याच्या कागदावर बाण उजवीकडेच होता, हे तिला लख्ख आठवलं. शेवटच्या दिवशीच्या घाईत हात घरच्या सवयीने वळला होता.

सामन्याला पाऊण तास होता.

"आई, मी यांना सोडून येते."

"मीही येते. या आजोबांना धाप लागलीय. तू पुढे हो, आम्ही मागून येतो सावकाश."

छापखान्यामागची वाट, मग दवाखान्याचं आवार, मग पादचारी पूल. पुढे ती, मागे जांभळी रांग, शेवटी सासूबाई आणि तो म्हातारा. ते दोघे आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दलच बोलत असावेत, कारण दोघेही मधूनमधून गुडघ्यावर हात ठेवत होते. मैदानाचं फाटक बंद व्हायच्या आत सगळे पोचले, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याने सासूबाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. "हो, बरोबर आहे तुमचं," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना घरी सोडून ती उपाशीपोटीच कार्यशाळेत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"लावणाऱ्यांकडून घोटाळा झाला असं लिहू. कंत्राटी माणसं आहेत, मिटून जाईल."

"त्यांची काही चूक नाही, साहेब. बाण मी चिकटवलाय."

"नोटीस निघेल तुमच्या नावाने."

"निघू दे."

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चला, शिडी मी धरतो." अंधार पडायच्या आत बाण उजवीकडे वळला.

आठवड्याने नोटीस आलीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उत्तर लिहायला बसली. दोन ओळींत आटोपलंसुद्धा.

"काय लिहिलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"चूक माझी आहे, पुन्हा होणार नाही."

"आणि आपण त्यांना पोचवलं, ते?"

"सगळ्यांना कुठे पोचवलं, आई? आधीचे काहीजण चुकलेच."

"मग तेही लिही. आणि जे पोचले तेही लिही."

तिने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.