खिळ्यावरची रोटी

मार्गिलानच्या गल्लीत बाईने सायकल चालवली तर लोक वळून बघतात. तीच बाई नवऱ्याबरोबर सायकलला तंबू बांधून सरहद्दीपलीकडे निघाली, की नुसतं बघून त्यांचं भागत नाही. बोलतात. आणि बोलणारे कोण? कोपऱ्यावरून साखर आणायलासुद्धा मोटार काढणारे!

शेजारीण कुमरी तर निघायच्या दिवशी दारातच उभी राहिली, हात कमरेवर.

"ताल्दिक घाट चढणार म्हणे? या वयात? ट्रकमध्ये बसून परत येशील बाई, सायकल मांडीवर घेऊन!"

"मग तू दारातच बैठक मार आणि वाट बघ," सनोबर म्हणाली.

सनोबरचं अर्धं आयुष्य रेशमी कापडाच्या मागावर गेलं होतं. माग हातांनी चालतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माग बघितलेलाच नाही. बोटं नाजूक कामाचं श्रेय घेतात, आणि खाली पाय बिचारे दिवसभर राबतात. त्या पायांनी गावातल्या निम्म्या नववधूंचे झगे विणले. आता मुलगा लग्न करून ताश्कंदला गेला होता, माग भाचीकडे दिला होता, आणि त्या पायांना एक घाट हवा होता. स्वतःसाठी. त्यात लोकांच्या पोटात का दुखावं?

नवरा झोकिर सायकली दुरुस्त करणारा. सुटे भाग जुळवून त्याने दोन सायकली उभ्या केल्या आणि मग त्याला वजनाचं वेड लागलं. चमच्यांचे दांडे कापले. टॉवेल अर्धा फाडला. सनोबरच्या कंगव्याकडे बघायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आधी स्वतःचं पोट कमी करा. मग माझ्या कंगव्याला हात लावा."

निघताना सासूबाईंनी, म्हणजे आयींनी, तंदूरमधून दोन रोट्या काढल्या. जाणाऱ्याने घरच्या रोटीचा एक घास तोडून खायचा. उरलेली रोटी खिळ्याला टांगायची. ती त्याला परत ओढून आणते आणि आल्यावर त्यानेच ती संपवायची, असं तिकडे सगळेच करतात. शिकलेले हसत हसत करतात, पण करतात. आयी मात्र हसत नसत. सासरे रशियात इमारतींच्या कामावर गेले होते, ते शवपेटीतून परत आले. त्यांची रोटी अजून मधल्या खोलीत खिळ्यावर आहे, दगडासारखी. तिला कुणी हात लावत नाही.

झोकिरने मोठा लचका तोडला, सनोबरने कडेचा तुकडा. आयींनी दोघांच्या कपाळाला हात लावला आणि त्या डोळे पुसायला आत गेल्या. हे दोघं सुटले.

आणि काय सुटले! ओशच्या पुढे रस्ता नदीच्या काठाने वर वर जातो. संध्याकाळी पाण्याशेजारी तंबू, दांडा नसलेल्या चमच्याने शेवया, आणि ओरडायला कुणी नाही म्हणून झोकिरचं गाणं. चीनकडे जाणारे ट्रक भोंगा वाजवून जात. एखादा चालक मान बाहेर काढून विचारी, "आपा, बसायचंय का?" सनोबर ओरडे, "तूच उतर, पायांना गंज चढेल!" रात्री मांड्या ठणकत, आणि ते ठणकणंसुद्धा तिला आवडे. इतक्या वर्षांत ते प्रथमच दुसऱ्याच्या लग्नासाठी नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी एका किरगीझ बाईच्या गोल तंबूजवळ आपला इवलासा तंबू ठोकला. बाईचं नाव बुरुल. मेंढ्या, घोड्या आणि एक मस्तवाल कुत्रा असा तिचा संसार. सकाळी सनोबर उठली तर त्या कुत्र्याने त्यांची खाण्याची पिशवी टराटरा फाडलेली. वाळवलेलं मांस गेलं, साखर गेली, शेवयासुद्धा गेल्या. तळाशी घट्ट बांधलेलं एक फडकं तेवढं राहिलं होतं.

सनोबरने गाठ सोडली. आत दोन रोट्या. एकीला मोठा लचका, एकीला कडेचा छोटासा घास.

तिने दोन्ही उलटून बघितल्या.

"अहो, या इथे कशा?"

झोकिरने बघितलं आणि डोकं खाजवलं. "ओट्यावर होत्या. निघायच्या घाईत मला वाटलं, आपण विसरून चाललोय. एवढ्या चांगल्या रोट्या..."

"चमच्याचा दांडा जड झाला तुम्हाला, आणि या दोन रोट्या नाही झाल्या?"

"रोटी मागे टाकून जायची का?"

"हो! यांना मागेच टाकायचं असतं! त्यासाठीच असतात त्या! पन्नाशीला आलात, कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

झोकिर हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून त्याने रोट्या पुन्हा फडक्यात बांधल्या. गावाच्या जिभेला न घाबरलेली बाई दोन वाळक्या रोट्यांना घाबरली होती. तिला स्वतःचाच संताप येत होता. पिठाचा गोळा माणसाला परत आणतो म्हणे! पण डोळ्यांसमोर रिकामा खिळा होता, आणि त्याच्याखाली बसलेल्या आयी. फोन? त्या दरीत फोन नुसता दगड.

बुरुल दुधाची बादली घेऊन आली. फाटलेली पिशवी बघून तिने आधी कुत्र्याच्या सात पिढ्या काढल्या, मग यांना ओढतच आत नेलं.

"कुत्रा माझा, म्हणजे दोष माझा. आता मेंढी कापल्याशिवाय सोडणार नाही."

"एजे," सनोबर तिच्या भाषेत तिला ताई म्हणाली, "मेंढी नको. घरी बोलायचंय. फोन कुठे लागतो?"

"खाली गुल्चाला. माझा दीर आत्ता ट्रक घेऊन निघालाय, सायकली मागे टाका आणि जा. नाहीतर वर, अगदी माथ्यावर. तिथे माझा नवरा भावाशी तासन्‌तास बोलतो. माझ्याशी घरात बोलत नाही मेला."

झोकिर हळूच म्हणाला, "ट्रकने लवकर होईल गं. आईसाठी. लोकांचं काय घेऊन बसलीस?"

सनोबरने दाराबाहेर उभा असलेला ट्रक बघितला. त्यात मांडीवर सायकल घेऊन बसलेलं स्वतःला बघितलं. मग वर गेलेली वळणं बघितली, एकावर एक, माग बिघडल्यावर धागे गुंततात तशी.

"त्या रिकाम्या खिळ्याखाली बसल्या असतील," ती म्हणाली. "आणि मी त्यांना काय सांगू? रोटीही नेली आणि घाटही सोडला? नाही. माथ्यावरूनच बोलणार."

बुरुलने घोडीच्या दुधाचा आंबूस कुमीस वाडग्यावर वाडगा पाजला आणि खिशात खारट, टणक चीजच्या गोळ्या कोंबल्या. सनोबरने ते फडकं आपल्या हँडलला बांधलं.

चढ म्हणजे चढ. झोकिर पोटातला कुमीस डचमळवत पहिल्याच वळणांत खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. सनोबर उतरली नाही. डावा पाय, उजवा पाय. झगा विणायचा असेल तर मधेच उठता येत नाही. छाती फुटायची वेळ आली. एक ट्रकवाला शेजारी हळू झाला.

"आपा, मागे तुमचे मालक मरतायत!"

"मरत नाहीत, वजन कमी करतायत!"

माथ्यावर वारा असा, की फोन कोटाच्या आत धरावा लागला. लागला मात्र पहिल्याच फटक्यात.

"आयी, मी सनोबर. आयी, रोट्या..."

"ठाऊक आहे," पलीकडून आवाज आला. "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलात आणि मला कळलं. धावले होते मागे. पण तुमच्या त्या सायकली! रात्रभर रडले. सकाळी दोन नव्या भाजल्या."

"पण आयी, चावल्या कुणी?"

"मीच. कवळी लावून चावली ती माझ्या कार्ट्याची, कवळी काढून चावली ती तुझी. तुझा घास छोटा असतो ना."

सनोबर हसायला लागली. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, ते वाऱ्याने की कशाने. मागून झोकिर धापा टाकत आला, बायको रस्त्यात बसून हसतेय म्हणून घाबरला.

"तुझ्या सासऱ्यांच्या रोटीशेजारी नाही टांगल्या," आयी म्हणाल्या. "पुढच्या दाराशी टांगल्यात, उजेडात. बरोबर नेलेल्या आहेत त्या खाऊन टाका. भुकेल्या पोटी रोटी मिरवायची नसते. आणि कुठे आहेस तू?"

"ताल्दिकच्या माथ्यावर."

"ट्रकने?"

"पायांनी."

आयींनी फोनवर हात न ठेवताच हाक मारली, "कुमरी! ए कुमरी! इकडे ये, हे ऐक!" आणि पुन्हा फोनमध्ये, दरडावून, "आता लगेच मागे फिरू नका. रोट्या अजून आतून ओल्या आहेत. नीट वाळू देत. त्याआधी आलात तर दार उघडणार नाही."

सनोबरने फडकं सोडलं. झोकिरची रोटी स्वतः घेतली, आपली त्याला दिली. दात दुखेपर्यंत दोघांनी चावल्या. समोर अलायचं मोकळं पठार पसरलं होतं, त्याच्या पलीकडे बर्फ.

"तिथपर्यंत?" झोकिरने विचारलं.

"वाळायला वेळ लागतो हो," सनोबर म्हणाली आणि सायकलवर बसली.