सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर

तिने केबलच्या कनेक्टरची दोन्ही टोकं एकमेकांत बसवली, बाहेरचं कडं घट्ट होईपर्यंत फिरवलं आणि तो दुकानातल्या काउंटरवरच्या पाण्याच्या टपात बुडवला. बारीक बुडबुड्यांची एक रांग वर आली आणि थांबली.

"थांबले की चांगलं ना?" सासूबाईंनी शेजारून विचारलं.

"हो. ती बाहेरच्या खाचेत अडकलेली हवा होती. येतच राहिले असते तर समजायचं, आत पाणी शिरतंय."

"याच्यावर आकडा कोणता छापलाय, सदुसष्ट की अडुसष्ट?"

"सदुसष्ट."

"म्हणजे बुडला तरी चालतो."

"थोडा वेळ. मीटरभर पाण्यात, अर्धा तास. पाण्यातच ठेवायचा असेल तर अडुसष्ट. तोही कंपनीने जेवढी खोली लिहून दिली असेल तेवढीच."

"मग सगळ्यांना अडुसष्टच का देत नाही आपण? डोक्याला ताप नाही."

कनेक्टर केव्हाच तळाला जाऊन बसला होता, सुनेचा हात मात्र अजून पाण्यातच होता. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिने हात बाहेर काढला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पुसला.

"आई, कालच सांगितलं होतं."

"सांगितलं असशील. माझ्या डोक्याची चाळण झालीय. परत सांग."

तिने परत सांगितलं. गेले काही आठवडे हे असंच चाललं होतं. तिचा नवरा होता तेव्हा सासूबाई गल्ल्यावर बसत, ओळखीच्या गिऱ्हाइकाची विचारपूस करत. माल काय आहे नि कशाला लागतो, याच्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या. तो एका साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. नंतर दुकान उघडलं आणि काही दिवसांनी सासूबाई काउंटरच्या या बाजूला आल्या. रबराची रिंग कुठे बसते? एवढी जाड केबल या तोंडात का जात नाही? सदुसष्टातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा, मग दोन्ही एकत्र कशाला लिहितात? सुनेला वाटायचं, आपल्यावर नजर ठेवली जातेय. एरवी तिला याचा राग आला असता. पण राग येण्याइतकीही हालचाल आत होत नव्हती. विचारलं की ती सांगायची, दिलं की जेवायची, अंथरूण घातलं की झोपायची.

दूरच्या एका शहरात केबलच्या कारखान्यात तिला नोकरी मिळाली होती, तपासणी विभागात. मुलाखतीला जाताना दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून ती निघाली होती. महिनाअखेरीला रुजू व्हायचं होतं, आणि घरात ते अजून सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी चहाच्या वेळी ती तोंड उघडायची आणि साखर पुरे का, असं काहीतरी विचारायची.

दुपारी मासेवाला आला. गावाबाहेर टाक्यांमध्ये मासे वाढवायचा त्याचा धंदा होता. तिच्या नवऱ्याचा तो जुना गिऱ्हाईक. त्याने पिशवीतून एक काळवंडलेला कनेक्टर काढून काउंटरवर ठेवला.

"वहिनी, हे बघा. यानेच घात केला."

सुनेने तो उघडला. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. तिने बाहेरचे पुसट आकडे उजेडात धरले.

"सदुसष्ट आहे. कुठे होता?"

"टाकीच्या तळाशी. हवा सोडायच्या पंपाला. दुसरीकडून घेतला होता, घाईत. बरेच दिवस चालला की! मग वीज तुटली, पंप बंद. सकाळी जाऊन बघतो तर पाणी दिसेना, नुसती पांढरी पोटं."

"टाकी किती खोल आहे?"

मासेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न इतक्या लगेच येईल, असं त्याला वाटलं नसावं.

"मग काय केलंत हो तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"काय करणार काकू? जाळीने उपसले. बायको रडत होती. मला काहीच झालं नाही. हात चालत होते नुसते. अजूनही चालतच आहेत." तो जरासा हसला. "ते जाऊ द्या. मला सगळीकडे अडुसष्टच द्या. वरचा आकडा घातला की विषय संपला."

सून त्याच्याकडे बघत होती. मग तिने नजर खाली घेतली आणि कनेक्टर बंद केला.

"आधी जागा बघते," ती म्हणाली.

"मी पण येते," म्हणत सासूबाईंनी कुलूप उचललं.

मासेवाल्याच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या गोल टाक्या ओळीने मांडलेल्या होत्या. पंपांची घरघर सगळीकडे सारखी भरून राहिली होती. एका टोकाला रिकाम्या टाकीत उतरून एक बाई गरम पाण्याच्या मशीनने भिंती धूत होती. नळीच्या तोंडातून पाणी काठीसारखं सरळ निघत होतं आणि आपटून वाफेसकट मागे उडत होतं. ती धार काठावरून फिरली तेव्हा तिथे लावलेल्या केबलच्या जोडांवरही बसली.

सुनेने हात वर करून तिला थांबवलं.

"हे रोज असंच धुता?"

"रिकामी झाली की प्रत्येक टाकी," मासेवाला म्हणाला. "नाहीतर रोग धरतो."

"मग काठावर अडुसष्ट चालणार नाही."

"अहो, पाण्याखाली राहतो तो! वरून पडलेल्या पाण्याने त्याला काय होतंय?"

"पाण्याखाली तो शांत पाण्यात असतो. इथे गरम पाण्याचा मारा आहे, तोही जवळून. रबर कसं बसलंय ते या माऱ्यात कळतं. त्याची परीक्षा वेगळी असते. त्याला एकोणसत्तर लागतो."

"मग सगळीकडे एकोणसत्तर द्या. आणखी एक वर!"

"तो बुडवून ठेवायला चालेल असं नाही. या आकड्यांची शिडी नाही, की वरच्या पायरीवर गेलं म्हणजे खालच्या आपोआप आल्या."

सासूबाई खाली वाकून काठावरचा एक जोड बघत होत्या. "रिकामी टाकी धुताना तळाच्या जोडावरही मारा बसणारच की. दोन्ही परीक्षा पास झालेला एकच मिळतो का गं?"

"मिळतो. दोन्ही आकडे छापलेले असतात."

"मग तळाशी तो. काठावर नुसता एकोणसत्तर. आणि ही मोकळी तोंडं?"

"त्यांना टोपणं. मोकळं तोंड राहिलं तर कुठल्याच आकड्याला अर्थ नाही."

सुनेने बाह्या वर केल्या आणि काठावरून वाकून भरलेल्या टाकीत हात घातला. तळाशी केबल कुठून जाते, ते चाचपून बघायचं होतं. पाणी खांद्यापर्यंत आलं. काहीतरी गार आणि जिवंत तिच्या मनगटाला घासून गेलं, पुन्हा वळून आलं. हात बाहेर काढायला तिला थोडा उशीर झाला.

"ठरलं तर मग," मासेवाला म्हणाला. "फक्त एक शब्द द्या. पुढे काही झालं, तर वहिनी स्वतः येतील ना? मागच्या वेळी ज्याच्याकडून घेतलं, त्याने फोनसुद्धा उचलला नाही."

सुनेने तोंड उघडलं. ओल्या हातावरून पाणी कोपराशी जमून खाली टपकत होतं.

"मी येईन," सासूबाई म्हणाल्या. "ती नव्या नोकरीवर जातेय, महिनाअखेरीला. जमेल तेवढं शिकून घेतलंय मी. बाकीचं तिला फोन करून विचारीन."

मासेवाला बरं म्हणाला. त्याच्या दृष्टीने बोलणं संपलं होतं. पलीकडे बाईने पुन्हा मशीन सुरू केलं.

परतीच्या बसमध्ये बरीच जागा होती. सासूबाई खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर धरून. पत्र्याची शेड मागे पडली.

"मी सांगणार होते," सून म्हणाली.

"माहीत आहे. रोज सकाळी तोंड उघडायचीस आणि साखर विचारायचीस. मला काय रोज नव्याने गोड आवडायला लागतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुकानात फोन आला होता. तू पार्सल आणायला गेली होतीस. तिकडच्या कारखान्यातली बाई, फार गोड बोलत होती. म्हणाली, यांनी तुमच्याकडे काम केलंय, कामाला कशा आहेत?"

फोन कधी आला, हे सुनेने विचारलं नाही. सासूबाईंचे प्रश्न कधी सुरू झाले, ते तिला आठवत होतं.

"मग काय सांगितलंत?"

"खरं तेच. हात स्वच्छ आहे, शब्दाची पक्की आहे, चुकली तर चुकले म्हणते. सकाळच्या पहिल्या तासात तिच्याशी फार बोलू नका, तेही सांगून टाकलं. उगाच नंतर बोल नको."

"आणि तुम्ही कोण, असं नाही विचारलं?"

"विचारलं ना. म्हटलं, मालकीण." सासूबाई बाहेर बघत होत्या. "सासू म्हटलं असतं, तर एका अक्षरावर तरी विश्वास ठेवला असता का तिने?"

सुनेच्या नाकातून एक आवाज निघाला. हसणंच होतं ते. तिने ओठ दाबले, तरी ते पुन्हा आलं, आणि मग तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते हसणं राहिलं नव्हतं. तिने पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते आणि ते काही केल्या थांबेनात. पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुन्हा पुढे वळला.

त्यांचा थांबा आला. कंडक्टरने दोनदा हाक दिली. सासूबाई काही जागच्या हलल्या नाहीत. दार लागलं आणि बस पुढे निघाली.