विमान बघायला

आम्रपालीच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि ती तगली. शिकली, चाकणच्या कंपनीत नोकरीला लागली, धम्मरत्नशी लग्न झालं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलगी, साक्षीही झाली. आता साक्षी सात वर्षांची होती आणि डॉक्टर म्हणत होते, हृदयातली एक झडप गळतेय, बदलावी लागेल.

थेरगावच्या घरात आम्रपालीची आई कस्तुराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लेकराला सांगू नको. कंपनीच्या कामानं बाहेरगावी चाललीय म्हण."

"मलाही असंच सांगितलं होतं ना?"

कस्तुराबाईंचे हात थांबले.

त्या पाचव्या वर्षी अप्पा म्हणाले होते, "चल, विमान बघायला जाऊ." अप्पा, म्हणजे तिचे वडील भीमराज, पिंपरीच्या एका कारखान्यात रंगकाम करायचे. नवा फ्रॉक घालून आम्रपाली निघाली, आणि दवाखान्यात जागी झाली ती छातीवर पट्टी घेऊनच. अप्पा भेटायला आले की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. घरी आल्यावरही बोलेना. त्यात चाळीतल्या नळावर पोरं टाक्यांची खूण बघून चिडवायला लागली, "हिच्या छातीला चेन लावलीय!"

ते कळलं त्या दिवशी अप्पा शिफ्ट संपवून आले आणि त्यांनी सदरा काढला. गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक रेघ!

"मला पण चेन बसवली," ते म्हणाले.

आम्रपाली खो खो हसली. रंग कंपनीतला, साबणानं हलेना. कस्तुराबाई रॉकेलचा बोळा घेऊन मागे लागल्या, पण अप्पा हाती लागायचे नाहीत. रोज सकाळी उघड्या अंगानं नळावर जायचे, पोरांसमोर छाती पुढे काढून बादली भरायचे. पुढं एका रविवारी त्यांनी तिला सायकलवर बसवून खरोखरच विमान दाखवून आणलं.

"त्यांना खरं सांगायचं होतं गं," कस्तुराबाई म्हणाल्या. "पण तोंड उघडलं की हुंदका यायचा. मग विमानाचं निमित्त काढलं."

अप्पांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांना खरं सांगायचं होतं, हे आम्रपालीला आजच कळत होतं.

संध्याकाळी तिनं साक्षीला जवळ घेऊन सगळं सांगितलं.

"दुखेल?"

"दुखेल."

"तू मरशील?"

"अगं!" कस्तुराबाई ओरडल्या. आम्रपालीनं हातानंच त्यांना थांबवलं.

"डॉक्टर म्हणतात, बरी होईन. भीती मलापण वाटते, साक्षी."

साक्षीनं बराच विचार केला. "मग माझ्या वेण्या कोण घालणार?"

धम्मरत्नला त्याच दिवसापासून कंगवा हातात घ्यावा लागला.

ऑपरेशन नीट पार पडलं. आम्रपाली घरी आली तेव्हा दारात साक्षी उभी होती, एक वेणी कानापाशी, दुसरी पार मागे.

"दाखव," ती म्हणाली.

आम्रपालीनं गळ्याजवळची ओढणी सरकवली. जुन्याच जागी नवी खूण होती. साक्षीनं बोट न लावता नीट पाहिलं, आणि आईचा हात धरून तिला पलंगापर्यंत नेलं. आम्रपाली उशीला टेकली.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण कालच्यापेक्षा कमी."

साक्षीनं मान डोलावली आणि शाळेतल्या भांडणाची गोष्ट सुरू केली. आम्रपाली ऐकत होती. अप्पा असते तर आत्ता पलंगाच्या कडेला बसून त्यांनी त्या भांडणात छाती पुढे काढून साक्षीची बाजू घेतली असती, या विचारानं तिला सारखं हसू येत होतं.