गुणवंताच्या घरचं पाणी

कोंडाजींनी माती उपसली. त्यांचे पुत्र दादाजी मुरुमाला लागले. दादाजींचे यशवंतराव काळ्या खडकापाशी पोचले आणि पहारींची टोके बोथट करून तिथेच थांबले. बोरगावच्या शिवारातील त्या विहिरीने तीन पिढ्यांचा घाम पिऊन घेतला. बारा महिने पुरेल असे पाणी दिले ते चौथ्याला, वसंताला; तेही त्याने खाणीवरचा जुना कंप्रेसर आणून खडकात भोके पाडली आणि सुरुंग लावले तेव्हा.

यशवंतरावांच्या काळात ती विहीर लागोपाठ दोन उन्हाळे कोरडी पडली होती. शेजारच्या श्यामरावाने तेव्हा स्वतःच्या मोटेचे पाणी त्यांच्या संत्र्यांना सोडले. मोबदल्याचे नाव काढताच तो म्हणाला होता, "फेडाचंच असन, दादा, तर पानीच फेडजा." यशवंतराव फेडण्याआधीच गेले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने, अंबाबाईंनी, श्यामरावाच्या घरी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. बारशाला जात, लग्नात मांडवभर हुकूम चालवीत, पानसुपारी घेत. पाणी मात्र आले तसे परत पाठवीत. अंगावर त्या घरच्या पाण्याचे देणे असताना आणखी एक घोट वर चढवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. श्यामरावही गेला. दंडक राहिला.

राज्यांच्या फेररचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, बोरगावसह सौंसर तालुका मध्यप्रदेशात राहिला. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात श्यामरावाच्या मुलाची, गुणवंताची, विहीर आटली. पहाटेपासून तो वसंताच्या विहिरीवरून बैलगाडीने पिपे वाहत होता. झाडे काही पिप्यांवर जगत नाहीत. संत्र्याची पाने कडेने वळू लागली, बोराएवढी फळे गळून बुंध्याशी पडू लागली.

अंबाबाईंनी मुलाला, वसंताला, बोलावले. "मोहगावच्या विहिरीचं काम मागं ठेव. कंप्रेसरचं मशीन गुणवंताच्या विहिरीवर ने."

"माय, मशीनच दमलं न. हवा धरत नाही. पुरं खोलून धुवा लागते. व्हॉल्व्हच्या पट्ट्या नव्या पाह्यजे, तर नागपूरचा दुकानदार म्हन्ते, तुमी आता परराज्यातले, कागद आना."

"परराज्यातले! माहं माहेर नागपुरात, मीबी परराज्यातली काय आता?" अंबाबाई कडाडल्या. "जुन्याच पट्ट्या धू. इथं अंगनात. माह्यासमोर."

अंगणात गोणपाट अंथरले गेले. वसंताने हेड उतरवले, पिस्टन काढले, कड्या काढल्या, हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या पातळ पोलादी पट्ट्या ओळीने मांडल्या. सगळ्यांवर जळलेल्या तेलाची काळी खरड बसली होती. घमेल्यात मातीचे तेल, म्हणजे रॉकेल, ओतून त्याने लाकडी चिपेने ती खरड काढायला घेतली. ऊन असे की वारादेखील सावली शोधत होता.

"माय, पुसाले चिंध्या पाह्यजे. जुन्या, धुऊधुऊ मऊ झालेल्या."

"चिंध्या?" अंबाबाईंनी भुवया चढवल्या. "कापसाच्या घरात चिंध्या? येनारा-जानारा पाहून राह्यला. विजया, पहिल्या वेचनीचा कापूस आन, टोपलंभर."

सून विजया घुटमळली. "बाई, ते कापसानं..."

"आन म्हनलं न."

गुणवंता पिपे उतरवून टेकायला आला होता. ओळीने मांडलेले भाग आणि शेजारचा पांढराशुभ्र कापूस पाहून तो हसला. "काकू, मशीनचं बाळंतपन करून राह्यल्या काय?"

"तुह्याच विहिरीसाठी करून राह्यली. बस गुमान."

वसंताने कापूस उचलला आणि एकेक भाग पुसायला घेतला. आईपुढे तोंड उघडण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. जोडणी संपेपर्यंत त्याचे हात कोपरांपर्यंत काळे झाले.

दुसऱ्या दिवशी मशीन गुणवंताच्या विहिरीवर उभे राहिले. इंजिन धडधडले, पट्टा फिरला. हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा थोडा उठला आणि तिथेच लोळत राहिला. खाली खडकावर लावलेली छिन्नी नुसतीच नाचली. गुणवंताने काट्याकडे पाहिले, मग आपल्या झाडांकडे पाहिले, आणि बैल जुंपायला निघून गेला. तो काही बोलला असता तर अंबाबाईंना सोपे गेले असते.

अंगणात पुन्हा गोणपाट, पुन्हा घमेले. वसंताने पट्टी उचलून उन्हात धरली, नखाने तिची कड चाचपली. मग पट्टी जिथे बसते त्या जागेवरून चिमटीने काहीतरी ओढले. केसाएवढा, अर्धा जळलेला धागा. तिथेच दुसरा होता. पुढच्या व्हॉल्व्हमध्ये तर पुंजकाच निघाला.

"काय व्हय ते?" अंबाबाईंनी विचारले.

वसंताने तळहात पुढे केला. "कापूस व्हय. पट्टी पुरी बसूच देत नाही. भरलेली हवा मांगच्या मांग पळते."

पहिल्या वेचणीचा कापूस अंबाबाईंनी जन्मभर ओळखला होता. जळका असला तरी तो आपलाच, हे त्यांना कळले. विजयाने मान खाली घातली. गुणवंता गाडीपाशी उभा होता. त्याने बैलाच्या मानेवरून उगाच हात फिरवला.

अंबाबाई आत गेल्या. लाकडी पेटीचे झाकण वाजले. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात यशवंतरावांचे धोतर होते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने ते सायीसारखे मऊ पडले होते. त्यातून तंतू सुटण्याजोगा उरलाच नव्हता.

"फाड."

"माय, हे बाबाचं..."

"तुह्या बाबाच्याच कामाले लागते. यायनंच घेतलं होतं थे श्यामरावाचं पानी. फाड म्हनलं न!"

धोतर फाटले. अंबाबाई स्वतः गोणपाटावर बसल्या. वसंता धुऊन देई, त्या पुसत. पुसून झालेला भाग उन्हाकडे धरून कोपरा न् कोपरा पाहत आणि मगच खाली ठेवत. मातीच्या तेलाचा ओलावा उरला तर आत भडका उडतो, असे वसंता म्हणाला; म्हणून एकेक भाग उन्हात पुरता सुकवला. गुडघे दुखत होते, कंबर धरली होती. विजया म्हणाली, "बाई, उठा, मी करतो." त्या म्हणाल्या, "तू च्या ठेव. गुणवंतालेबी दे."

शेवटी वसंताने व्हॉल्व्ह जोडून उलटा धरला आणि वरून तेल ओतले. पट्टी नीट बसली नसेल तर खालून पाझर लागतो. सगळे वाकून पाहू लागले. चहा निवून त्यावर साय धरली. खालची बाजू कोरडीच राहिली. वसंताने वरचे तेल पुसून व्हॉल्व्ह पुन्हा उन्हात ठेवला.

"आता चालते," वसंता म्हणाला आणि तिथेच खांबाला टेकून त्याने डोळे मिटले.

मशीनने या खेपेला हवा धरली. खडकात भोके पडत गेली, सुरुंग लागत गेले, बायका दगडांची घमेली वर ओढत राहिल्या. कित्येक दिवस नुसता धूर आणि भुकटी निघाली. सगळे इतके थकले होते की झरा फुटला त्या दुपारी कोणी ओरडलेही नाही. पाणी कपारीतून आले, तळाला पसरले, आणि संध्याकाळी गुणवंताची मोट पुन्हा पाण्याला लागली. पाटातून ओल पहिल्या झाडापर्यंत गेली.

अंबाबाई विहिरीवर न थांबता चालत गुणवंताच्या घरी गेल्या आणि ओसरीवर बसल्या. गुणवंताच्या बायकोने, उर्मिलाने, सवयीने सुपारीचे ताट पुढे केले.

"सुपारी नोको," अंबाबाई म्हणाल्या. "पानी आन."

उर्मिला बघतच राहिली. मागून आलेला गुणवंता दारातच थबकला. "काकू, नवं पानी व्हय, गढूळ हाये. हंड्यातलं देतो न, तुमच्याच विहिरीचं."

"माह्या विहिरीचं पियाले तुह्या घरी येऊ काय रे, पोट्ट्या? थेच आन."

पेला आला. तळाला दगडाची भुकटी बसली होती. अंबाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, सावकाश रिकामा केला आणि ओसरीवर पालथा ठेवला.