दयेचा अर्ज खाल्लेलं माकड

वर बघा, वर. सज्ज्याच्या कडेला. हां, मीच बोलतोय, काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतलं म्हातारं माकड. शेपटी अर्धी उरलीय, दात सहा. जीभ मात्र शाबूत आहे.

माझा जन्म पाठशाळेच्या छपरावर झाला. खाली पोरं घोकायची, वर मी ऐकायचो. ‘देवः, देवौ’ एवढं येऊ लागलं, आणि ‘देवाः’च्या आत गुरुजींनी वेताची छडी भिरकावली. माझं शिक्षण तिथंच संपलं. माझ्यापेक्षा कमी शिकलेले दोन-चार पंडित आहेत या गल्लीत, पण त्यांना शेपटी नाही म्हणून दक्षिणा मिळते.

इथं पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत. बाहेर हिंदी, घरात मराठी, भांडताना दोन्ही. मी कोणालाच सोडलं नाही. जपाला बसलेल्यांच्या माळा पळवल्या, गंगेत उतरलेल्यांची धोतरं मुन्शी घाटाच्या बुरुजावर वाळत घातली. पंचांग काढणारे ढुंढिराजशास्त्री यांचा चष्मा तर मी महिन्यातून एकदा नेमानं उचलायचो आणि एक केळं घेऊन परत करायचो. ते मला ‘मेल्या’ म्हणायचे, मी दात दाखवायचो. आमचं बरं चाललं होतं.

शास्त्रीबुवांचा एकुलता एक मुलगा विश्वेश्वर फौजेत डॉक्टर होता. लेफ्टनंट. मोठी लढाई पेटली आणि सरकारनं त्याला जहाजात घालून बसऱ्याकडे धाडलं. तिकडून एका दुपारी त्याच्या कंपाउंडरचं पत्र आलं. सून अंबिकेनं ते सज्ज्यात बसून सासऱ्यांना वाचून दाखवलं. मी कठड्यावर उवा मारत होतो, थांबलो.

फौजेनं माघार घेतली होती. अकरा जखमी शिपाई नदीकाठी राहिले होते. कर्नल म्हणाला, सोडा त्यांना. विश्वेश्वर होडी घेऊन मागं फिरला आणि अकराच्या अकरा जणांना घेऊन आला. म्हणून, शत्रूसमोर हुकूम मोडला म्हणून, त्याच्यावर कोर्टमार्शल बसलं. म्हणजे फौजेचेच अंमलदार आरोप ठेवणार आणि फौजेचेच अंमलदार निवाडा देणार. शिक्षा: गोळी घालून ठार.

त्याच आठवड्यात त्याच कोर्टापुढं एक गोरा कप्तान उभा होता. जेवण थंड वाढलं म्हणून दारूच्या झोकात त्यानं आपल्या खानसाम्याला गोळी घातली होती. खानसामा मेला. कप्तानही दोषी ठरला. पण चौथ्या दिवशी सिमल्याहून लाट साहेबांची तार आली. लढाईचा ताण होता बिचाऱ्यावर, सबब दया. तलवार परत, हुद्दा परत.

‘तुम्हीही दयेचा अर्ज करा,’ कंपाउंडरनं लिहिलं होतं. ‘कागद सिमल्याला सहीसाठी गेलेत. हे पत्र पोचेल तेव्हा हातात दहा-बारा दिवस उरतील.’

ऐकलंत ना? वाचवणाऱ्याला गोळी आणि मारणाऱ्याला दया. मला कायदा कळत नाही. पण केळं कोणी चोरलं आणि बडवलं कोणाला, एवढं आमच्या टोळीतल्या पिल्लालाही कळतं!

शास्त्रीबुवा अर्ज लिहायला बसले. तीन दिवस लागले. लाट साहेबाला त्यांनी सूर्य केलं, कुबेर केलं, क्षमेचा सागर केलं. अजून चार ओळी मिळत्या तर त्याला चार हातही फुटले असते. मग एका मुन्शीनं ते सगळं इंग्रजीत उतरवलं. आणि अर्ज तयार झाला त्याच दिवशी पितृपक्ष लागला.

शास्त्रीबुवांनी अर्ज देवघरात गणपतीपुढं ठेवला. वर एक पेढा.

“मामंजी, टपालात कधी टाकायचा?” अंबिकेनं विचारलं.

“घटस्थापनेला. पितृपक्षात नवं काम हाती घेत नाहीत, सूनबाई. माझ्याच पंचांगात छापलंय.”

“त्यांच्या बंदुका तुमचं पंचांग बघतात का?”

शास्त्रीबुवा लालेलाल झाले. “माझा पोटचा पोर आहे तो! सगळ्या काशीला मी मुहूर्त दिले, आणि माझ्या पोराच्या जिवाला वाईट घडी देऊ?”

घाबरलेला बाप होता तो, मला दिसत होतं. तरी असा संताप आला की त्यांचा चष्मा उचलून सरळ गंगेत टाकावासा वाटला. पंधरा दिवस! त्या कप्तानाला चार पुरले होते.

तिसऱ्या दिवशी मी देवघरात शिरलो. खरं सांगतो, न्यायासाठी नाही, पेढ्यासाठी. पेढा कागदाला चिकटला होता. दोन्ही घेऊन छपरावर गेलो आणि दोन्ही खाल्ले. सूर्य जरा खारट लागला, कुबेराला शाईचा वास होता.

शास्त्रीबुवा काठी घेऊन गच्चीवर आले. मला मारलं नाही. मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

अंबिका रडली नाही. तिनं रिकामा पाट बघितला, शाल ओढली आणि घराबाहेर पडली. गल्लीच्या टोकाच्या देवळापलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती. लोक ओट्यावरून बघत राहिले. मी वरून, छपरामागून छप्पर, तारघरापर्यंत तिच्याबरोबर गेलो आणि खिडकीत बसलो.

“लाट साहबको तार भेजना है,” ती बाबूला म्हणाली. “लिखो. मेरे पतिने ग्यारह आदमी बचाए। उन्हें गोली मत मारो। अंबिका, बनारस।”

बाबूनं कलम कानावर ठेवलं. “अरे बहूजी, लाट साहब को ऐसे थोड़े लिखते हैं! हुजूर लिखिए, दासी लिखिए, रहम-वहम लिखिए।”

“जितना बोला उतना लिखो.”

लिहिलं त्यानं. शास्त्रीबुवांना कळलं तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

महिन्यानं छावणीतल्या साहेबाच्या कोठीवर बोलावणं आलं. मीही गेलो, एक्क्याच्या टपावर बसून. एक्केवाला मला शिव्या देत होता, मी त्याला. कोठीच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल मांडलं होतं. साहेबानं कागद वाचला, त्याच्या मुन्शीनं हिंदीत सांगितला: सरकारनं दया करून मृत्यूची शिक्षा माफ केली आहे. त्याऐवजी दहा वर्षं सक्तमजुरी. हुद्दा जप्त.

शास्त्रीबुवांनी हात जोडले. डोळ्यांतून धार लागली होती. पोर जिवंत होता! मीही फांदीवर एक उडी मारली, लपवत नाही.

“बहूजी, हुजूर का शुक्रिया अदा कीजिए,” मुन्शी म्हणाला.

अंबिका पुढं झाली. “साहब, कप्तान को कितने साल मिले?”

साहेबानं मुन्शीकडे बघितलं, मुन्शीनं जमिनीकडे.

“वह मामला अलग था,” साहेब म्हणाला.

“हाँ साहब. उसमें आदमी मरा था।”

मग शास्त्रीबुवांचे जोडलेले हात हळूहळू सुटले आणि खाली आले. ते सुनेच्या शेजारी जाऊन उभे राहिले. साहेब उठला, टोपी चढवली आणि चालू लागला, नेमका माझ्या फांदीखालून. झाडावरच्या माकडाला जे करता येतं ते मी त्या टोपीवर केलं, पोटभर.

सहा वर्षं झाली त्याला. चार राहिलीत. विश्वेश्वर अजून दगड फोडतोय, आणि कप्तान, ऐकतो, मेजर झालाय. अंबिका दर वर्षी सिमल्याला तार करते. शास्त्रीबुवा स्वतः तारघरात जातात, आणि जाताना पंचांग बघत नाहीत. तारेत तोच एक प्रश्न असतो, कप्तानाचा. उत्तर येत नाही.

मी आता चढताना दमतो. चार वर्षं काढीन की नाही, माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाचं सिमल्याला जाणं-येणं असेल तर माझ्या नावानं सांगा: टोपी मीच बिघडवली, मुद्दाम बिघडवली. खुशाल बसवा माझ्यावर कोर्टमार्शल. मी कबूल करीन. दयेचा अर्ज करणार नाही.