मारोतरावांची दुपारची झोप

दिपालीने बनियन आणून दिलं तेव्हा मारोतरावांनी आधी त्याचा वास घेतला आणि मग ते उलटंपालटं करून पाहिलं. राखाडी रंग, अंगाला धरून बसणारं मऊ कापड आणि छातीच्या डाव्या बाजूला आतून एक चपटं बटण. हे अंगात असलं की हृदयाचे ठोके, श्वास, अंगाची गरमी सगळं आपोआप मोजलं जातं आणि आपल्याला जुनवानीतल्या आपल्या घरी बसल्या बसल्या मोबाइलवर दिसतं, असं लेकीनं समजावून सांगितलं.

“उभी जिंदगी मी फर्नेसचं टेंपरेचर पाह्यलं,” मारोतराव म्हणाले, “आता माहं टेंपरेचर तू पाहून राहिली का?”

“हो ना बाबा. अब आपकी बारी,” दिपाली हसून म्हणाली.

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर आयुष्य घालवून मारोतराव निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सेक्टर सहामधलं कंपनीचं क्वार्टर त्यांनी लीजवर स्वतःकडेच ठेवलं होतं आणि तिथे ते आणि त्यांची बायको सिंधुताई असे दोघंच राहत. नोकरी सुटली, पण अंगात मुरलेली नाईट ड्युटी काही सुटली नव्हती. दिवसा झोपायची सवय इतकी पक्की, की दुपारचं जेवण झालं की व्हरांड्यातली खाट त्यांना हाक मारू लागे. हिवाळ्याचं कोवळं ऊन पेरूच्या पानांतून गाळून अंगावर यायचं, रस्त्यावरून एखादी सायकल कुरकुरत जायची आणि मारोतराव कुठल्या कुठे निघून जायचे. खाटेशेजारी सिंधुताई भाजी निवडत बसायच्या. इथल्या बाजारात तिवरा म्हणतात, त्या भाजीला भंडाऱ्याकडच्या सिंधुताई अजून लाखोळीच म्हणत.

बनियन घातलं आणि थोड्याच दिवसांत त्याने चुगली केली. दुपारी गाढ झोपेत मारोतरावांचं हृदय मध्येच थांबायचं. थोडा वेळ थांबून, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायचं. दिपाली त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आपल्या तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, गळ्याच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवून घ्या, ठोका अडला की ते पुढे ढकलून देईल. नाही बसवलं तर एखाद्या दिवशी थांबलेलं हृदय थांबलेलंच राहील.

मारोतरावांनी साफ नकार दिला. “जन्मभर लोखंडात राबलो. आता लोखंड छातीत घालू का?” लेकीनं विनवण्या केल्या, तर ते खाटेवर कूस बदलून पडून राहिले. सिंधुताई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या म्हणून मारोतरावांना हायसं वाटलं. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं समजणारे ते काही जगातले पहिले नवरे नव्हते.

खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. डोळा लागला की आधी फर्नेस दिसायची, तोच गडगडाट, तोच अंग भाजणारा उजेड, पायाखालून वाहत जाणारं पिवळंजर्द लोखंड. आणि मग कोणीतरी हळूच सगळं बंद करायचं. आवाज जायचा, आच जायची, आणि मारोतराव साकोलीकडच्या आपल्या गावात बोडीच्या काठावर उभे असायचे. बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं. पाण्यावर धुकं, शिंगाड्यांच्या वेलांची हिरवी नक्षी, आणि त्यातून डोंगा वल्हवत येणारा त्यांचा थोरला भाऊ, भाऊराव. त्यानंच मारोतरावांना भिलाईला आणून कामाला लावलं होतं, आणि तो स्वतः ऐन उमेदीत गेला होता. स्वप्नात तो अजून तरणाच होता. पलीकडच्या काठावर माय शिंगाडे उकडत बसलेली असायची, आणि त्यांचा गोडसर वास पाण्यावरून यायचा.

“ये ना रे मारोती,” भाऊराव म्हणायचा. “पानी मस्त थंडं आहे.”

मारोतराव पाण्यात पाय घालायचे. इतक्या वर्षांची आच घोट्यांपासून उतरत जायची. ते सुख त्यांना जागेपणी कधी मिळालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली, वरखाली जाता जाता मध्येच सपाट झालेली, तेव्हा त्यांनी ती जागा लगेच ओळखली. हीच आपली बोडी. ठोका थांबतो तेव्हा आपण तिथं असतो. यंत्र बसलं की बोडी आटली म्हणून समजा.

एक दिवस डोंग्यात बसलो की परत यायचं नाही, हेही त्यांना कळत होतं. त्याचं भय वाटत नव्हतं, उलट ओढ वाटत होती. सिंधुताईंचा विचार मनात आला नाही असं नाही. पण लेक जवळ आहे, पोटापुरतं आहे, ती सावरेल, असं म्हणून त्यांनी तो विचार गुंडाळून ठेवला. माणूस स्वतःचीच समजूत काढायला बसला की किती लवकर समजतो!

मग त्यांनी एक युक्ती केली. जेवण झालं की ते गुपचूप बनियन काढून आतल्या खोलीतल्या खुंटीला अडकवायचे, वरून सदरा चढवायचे आणि खाटेवर येऊन पडायचे. ना रेघ, ना लेकीची कटकट. डोंगा रोज थोडा जवळ येत होता. परवा तर त्यांनी त्याच्या काठाला हात लावला होता, आणि काल एक पाय आत ठेवला होता.

रविवारी जेवण उरकून मारोतराव खाटेकडे निघाले तोच दिपाली जुनवानीहून स्कूटीवर आली ती हेल्मेटसकट घरात शिरली.

“बाबा, हे काय चालू आहे तुमचं? दुपारभर दिल इतना भागता है जैसे कोई पीछे लगा हो! मी डॉक्टर मॅडमला दाखवलं. त्या म्हणाल्या, ये आदमी सोता ही नहीं है.”

“मी?” मारोतराव गोंधळले. “मी तं मस्त झोपून राहतो.”

तिने मोबाइल पुढे धरला. रेघ थोडा वेळ सपाट रस्त्यावरून चालल्यासारखी जायची आणि एकाएकी डोंगर चढायची. उतरायची, दम खायची, पुन्हा डोंगर. सगळे डोंगर त्यांच्या झोपेच्या वेळचे. बनियन तर खुंटीला असतं. मग हे कोणाचं हृदय? आता चोरी कबूल केल्याशिवाय सुटका नव्हती.

“म्या तं दुपारी थे घालतच नाई,” ते खाली मान घालून म्हणाले. “काढून ठेवतो.”

दिपाली आत खुंटीकडे वळली. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या सिंधुताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला, पण ब्लाउजच्या गळ्यातून डोकावणारी राखाडी पट्टी काही लपली नाही.

“आई! तू घातलं आहे ते?”

“थंडी किती पडून राहिली,” सिंधुताई ओशाळून म्हणाल्या. “हे काढून टाकतेत खुंटीवर. एवढं गरम कापड, वाया कावून घालवाचं? म्हनून मीच घालून घेतो दुपारचं.”

“पण त्यात सगळं मोजलं जातं ना!”

“थ्याच्यात तं तुह्या बाबाचं नाव टाकलं होतं ना तू? मंग माहं कसं मोजन थे?” रेशनकार्डावर ज्याचं नाव त्यालाच धान्य, हा त्यांचा साधा हिशेब होता.

दिपालीला हसावं की रडावं कळेना. मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि चष्मा वर करून बराच वेळ ते डोंगर पाहत राहिले.

“हे तुह्यं आहे?” त्यांनी विचारलं. “बसल्या जागी भाजी तं निवडत राहते तू. मंग एवढं कायचं धडधडते?”

सिंधुताईंनी आधी उत्तर टाळलं. चहा ठेवते म्हणाल्या, दूध पाहते म्हणाल्या. लेकीनं हाताला धरून बसवलं तेव्हा त्या जमिनीकडे पाहत बोलू लागल्या.

“तुमचा श्वास थांबते. मी नाकापाशी बोट धरून पाह्यतो. नाई येत म्हंजे नाईच येत. मंग माहा जीव गळ्यात येऊन बसते. येतीन का नाई, आता येतीन का नाई, असं होते.”

“मंग उठवलं कावून नाई मले?”

“उठवलं होतं एक डाव. तुमी डोळे उघडून असं पाह्यलं माह्याकडं, जसा म्या तुमच्या तोंडचा घास हिसकला.” त्यांनी डोळे पुसले. “आन् तुमी हासता नं त्या वक्ती.”

“कोन हासते?”

“तुमी. श्वास थांबला का हासता. लेकरासारखे. एवढं तं आपल्या लग्नातबी नाई हासले तुमी, दिपाली झाली तवाबी नाई. मी म्हनतो, कुठं जातेत कोन जाने, पन खुशीत आहेत. राहू दे दोन घडी. वापस आले म्हंजे झालं.”

दिपाली आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मारोतरावांना वाटलं होतं, आपण एकटेच जातो आणि एकटेच येतो, कोणाला काही त्रास नाही. त्या प्रत्येक वेळी ही बाई इथे जीव मुठीत धरून बसली होती, आणि तरीही तिने त्यांचं सुख मोडलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

थोड्या वेळाने लेक गेली. मारोतराव नेहमीसारखे खाटेवर पडले. झोप येऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि यावी असंही वाटत होतं. ती आली.

फर्नेस विझली. धुकं पसरलं. आज डोंगा अगदी काठाला लागून उभा होता, आणि भाऊरावाने हात पुढे केला होता. मारोतरावांनी एक पाय आत ठेवला. पाणी हललं, शिंगाड्याची पानं बाजूला झाली, पलीकडून मायने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दुसरा पाय उचलताना त्यांनी मागे वळून बघितलं. इतके दिवस ते पलीकडचा काठच पाहत आले होते, अलीकडे काय आहे हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

अलीकडच्या काठावर सिंधुताई बसल्या होत्या. मांडीवर लाखोळी निवडायचं सूप होतं. हाक मारत नव्हत्या, हात करत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. त्यांचा पदर छातीवर धडधडताना इथून दिसत होता.

“चाल ना रे,” भाऊराव म्हणाला. “काय पाहून राहिला?”

फर्नेसवर एक नियम होता. आपली पाळी संपली तरी, आपल्या जागी दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. पेटती भट्टी टाकून कोणी घरी जात नसे. आणि हा नियम मारोतरावांना पहिल्या दिवशी शिकवला होता तो भाऊरावानेच.

“भाऊ,” ते म्हणाले, “माहा रिलीव्हर नाई आला अजून. तू जा.”

भाऊराव रागावला नाही. त्याने मान हलवली आणि काठाला वल्हं टेकवून डोंगा पाण्यात लोटला. धुक्यात तो दिसेनासा झाला, मग माय दिसेनाशी झाली, आणि शेवटी शिंगाड्यांचा वासही गेला. काठावर उभे राहून मारोतराव ओक्साबोक्शी रडले.

जाग आली तेव्हा गाल ओले होते आणि नाकाखाली सिंधुताईंचं बोट होतं.

“आज हासले नाई तुमी,” त्या घाबरून म्हणाल्या. “काय झालं? कोनी काई बोललं का तिथं?”

मारोतरावांनी ते बोट हातात धरलं. “दिपालीले फोन लाव. म्हन, बसवून टाका थे मशीन.”

सिंधुताईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि भाजी व्हरांडाभर सांडली. ती उचलायचं त्यांना सुचलं नाही. नवऱ्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “मंग तुमचं हासनं? थे जाईन ना.”

“जाईन,” मारोतराव म्हणाले. ते खोटं बोलू शकले नाहीत. “जागेपनी हासून पाह्यतो आता. जमते का नाई, कोन जाने.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे प्रयत्न केला. मिशी ओढली गेली, दात दिसले, डोळे मात्र अजून पाण्यानं भरलेलेच होते. सिंधुताई ते पाहून आधी दचकल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसता हसता रडू लागल्या.

“राहू द्या जी,” त्या म्हणाल्या. “येईन तुमाले हळूहळू.”