सासूबाईंची बाटली

प्रेस्पा तळ्याकाठी सफरचंदांची तोडणी उरकली की लग्नांचा धडाका सुरू होतो. त्स्वेताच्या धाकट्या भावाचं लग्न रविवारी होतं. तिला आठवा महिना लागलेला, तरी ओरोच्या फेरात नाचायचंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आडवी आली ती डॉक्टरीण रायना. आधीच्या तपासणीत त्स्वेताच्या पायांवर सूज होती, रक्तदाब चढलेला होता आणि लघवीत प्रोटीन सापडलं होतं.

"शुक्रवारी सकाळची लघवी घेऊन ये," रायनानं बजावलं होतं. "पुन्हा प्रोटीन दिसलं तर थेट बितोलाचं इस्पितळ. लग्नबिग्न काही नाही."

शुक्रवारी त्स्वेता रिकामी बाटली घेऊन स्वयंपाकघरात रडवेली बसली. सासू झागोर्का मिरच्या भाजत होती.

"एवढंच ना? आण इकडे," ती म्हणाली. "माझी भरून देते. साठी उलटली, अजून डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही मी!"

"अहो आई, कळलं तर?"

"लघवीवर काय नाव कोरलेलं असतं?"

दोघी दवाखान्यात गेल्या. रायनानं बाटलीत पट्टी बुडवली आणि तिचे रंग निरखले.

"प्रोटीन अजिबात नाही."

झागोर्कानं सुनेला हळूच कोपर मारलं.

"पण साखर! हा चौकोन पार तपकिरी झालाय. मागच्या वेळी तर मागमूस नव्हता." रायनानं चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "हल्ली तहान फार लागते का गं?"

"नाही," त्स्वेता म्हणाली.

"मला लागते ना!" झागोर्का बोलून गेली. "घागरभर प्यायले तरी घसा को..." आणि तिथंच तिनं जीभ चावली.

रायना खो खो हसली. मग तिनं त्स्वेताच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आणि आकडा बघून तिचं हसू मावळलं.

"डोकं दुखतंय?"

"कालपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"आणि हे मला आत्ता सांगतेस? नाचता नाचता झटके येऊन पडली असतीस, बाई!"

दवाखान्यातच तिची लघवी घेतली. पट्टी गर्द हिरवी झाली. प्रोटीन दुपटीनं वाढलं होतं. रायनानं लगेच बितोलाला जायला गाडी बोलावली.

गाडीत झागोर्का तिचा हात घट्ट धरून बसली. "अक्कल गहाण टाकली होती मी, पोरी. तुझी नाही, माझीच चूक."

"माझीही, आई."

रविवारी लग्न तिच्याविना लागलं. मंगळवारी रक्तदाब काही केल्या उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी सिझेरियन केलं. मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. त्याच आठवड्यात झागोर्काला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

काही दिवसांनी बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आलं आणि त्यानं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. त्स्वेताचा नवरा क्लिमे आईकडे बघत म्हणाला, "वजन चिमणीचं, पण आवाज थेट आजीचा!"

"मग? असायलाच हवा," म्हणत झागोर्कानं नातीला उचललं.